एकाच सर्व्हरवर चाळीस सारख्या लिनक्स व्हीएम: कशा उभ्या करायच्या?

लॅबवाला_हिंगणा:

नमस्कार मंडळी. हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब माझ्याकडे आहे. या सत्रात तिसऱ्या वर्षाला लिनक्स अॅडमिनिस्ट्रेशनचं प्रॅक्टिकल सुरू होऊन राहिलं. प्रत्येक पोराला स्वतःची व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारी आभासी मशीन पाहिजे, रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) पासवर्डसकट, म्हणजे मोडतोड करायची पूर्ण मुभा. बॅच चाळीसची आहे.

हाताशी एक सर्व्हर आहे: ३२ थ्रेड, १२८ जीबी रॅम, १ टीबीची एनव्हीएमई डिस्क. त्यावर डेबियन लिनक्स, व्हीएम चालवणारं केव्हीएम आणि त्यांचा कारभार पाहणारं लिबव्हर्ट. प्रत्येक व्हीएमला २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क द्यायचा विचार आहे.

आतापर्यंतची रीत अशी की आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क-फाइल) लावायची, इन्स्टॉलरचे प्रश्न सोडवायचे, पॅकेजेस टाकायची, मग पुढची मशीन. कितीही जपून केलं तरी फरक राहूनच जातो. कुठे टाइमझोन वेगळा, कुठे एखादं पॅकेजच नाही. मग प्रॅक्टिकलच्या मधात कोणीतरी हात वर करते, "सर, माझ्याकडे ही कमांडच नाही." म्हणून एक मशीन पूर्ण तयार करून व्हर्ट-क्लोननं तिच्या प्रती काढून पाहिल्या. डिस्क भराभर भरून राहिली, आणि मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचे क्रमांक) वेगवेगळे असूनही दोन-तीन मशीनला डीएचसीपीकडून (आयपी वाटणाऱ्या सेवेकडून) एकच आयपी मिळून राहिला. हे काऊन होते, ते मला नीट समजून घ्यायचं आहे.

अजून दोन अडचणी आहेत. चाळीस जणांनी एकदम अपडेट सुरू केलं की कॉलेजची इंटरनेट लाइन बसते. आणि मे महिन्यात लाइट जाते; परत आली की सगळ्या व्हीएम एकाच वेळी उठतात आणि सर्व्हर बराच वेळ कोणालाच दाद देत नाही.

वाडी_रोड:

भाऊ, व्हीएम कायले पाहिजे? एलएक्ससी कंटेनर घ्या. तेवढ्याच रॅममध्ये चाळीस काय, त्याहून जास्त बसतील, आणि उघडायला वेळही लागत नाही.

लॅबवाला_हिंगणा:

विचार केला होता. पण अभ्यासक्रमात कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, मॉड्यूल लावणं-काढणं आहे, डिस्कचं पार्टिशन आणि एलव्हीएम (डिस्कचे लवचिक भाग पाडणं) आहे, ग्रब या बूटलोडरमधून रूटचा पासवर्ड बदलणं आहे. कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, बूटलोडर नसतो. पोरानं मॉड्यूल लावायचं म्हटलं तर ते होस्टच्या, म्हणजे खालच्या मूळ सर्व्हरच्या, कर्नलमध्ये लागणार, आणि तो मी कोणाच्या हाती देणार नाही.

वाडी_रोड:

मग बरोबर आहे, व्हीएमच पाहिजे. वेब किंवा डेटाबेसची लॅब असती तर कंटेनरवरच अडून बसलो असतो.

टर्मिनल_ताई:

लॅबवाला दादा, तुमच्या वेळेची आणि डिस्कची अडचण एकाच गोष्टीनं सुटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे इन्स्टॉलरला हातच लावू नका. डेबियन आणि उबुंटू दोघंही तयार क्लाउड इमेज देतात. ती आधीच इन्स्टॉल झालेली डिस्क असते, क्यूकाऊ२ फॉरमॅटमध्ये, काहीशे एमबीची. डेबियनच्या पानावर निरनिराळे प्रकार दिसतील. त्यातली "जेनेरिक" घ्या. "जेनेरिकक्लाउड"मध्ये हार्डवेअर ड्रायव्हर कमी केलेले असतात. "नोक्लाउड" नावाची इमेज तर टाळाच, कारण तिच्यात क्लाउड-इनिट, म्हणजे पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारा प्रोग्राम, चालतच नाही, आणि आपला सगळा डाव क्लाउड-इनिटवर उभा आहे.

दुसरं, या इमेजच्या पूर्ण प्रती काढू नका. क्यूकाऊ२ला "बॅकिंग फाइल" देता येते. छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर खुणा कराव्यात, तसं हे आहे: मूळ इमेज खाली, प्रत्येक विद्यार्थ्याचा ओव्हरले वर. वाचताना जे ब्लॉक ओव्हरलेमध्ये नाहीत ते खालून येतात, आणि लिहिलेलं सगळं वरच राहतं. डिस्क-फाइली बनवणाऱ्या क्यूईएमयू-आयएमजीच्या क्रिएट कमांडला लहान बी ऑप्शननं मूळ फाइल, मोठ्या एफ ऑप्शननं तिचा फॉरमॅट आणि शेवटी २०जी असा आकार द्या. मोठा एफ विसरू नका, क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) ६.१ पासून बॅकिंग फॉरमॅट सांगितल्याशिवाय कमांड पुढे जात नाही. तयार झालेला ओव्हरले सुरुवातीला दोनेकशे केबीचा असतो. चाळीस ओव्हरले तयार व्हायला चहा ओतण्याइतकाही वेळ लागणार नाही. आत मशीनला २० जीबीची डिस्क दिसेल, आणि पहिल्या बूटला क्लाउड-इनिटच रूट पार्टिशन ताणून तेवढं करेल.

इथे एक नियम मात्र कडक पाळायचा. ओव्हरले एकदा तयार झाले की मूळ इमेज पुन्हा कधीही चालू करायची नाही, तिच्यात काहीही लिहायचं नाही. खालचा एक ब्लॉक बदलला तरी वरच्या चाळीसही फाइलसिस्टिम बिघडू शकतात, आणि तो बिघाड लगेच दिसेलच असं नाही. फाइल रीड-ओन्ली करा आणि नावातच महिना लिहा.

तिसरं, प्रत्येक मशीनचं वेगळेपण. होस्टनेम, युजर, एसएसएच की (दुरून लॉगिन करायची), पासवर्ड हे काहीच मूळ इमेजमध्ये टाकायचं नाही. ते पहिल्या बूटला बाहेरून द्यायचं. प्रत्येक व्हीएमला एक छोटी आयएसओ जोडायची, तिचं लेबल "सीआयडेटा", आणि आत दोन फाइली: युजर-डेटा आणि मेटा-डेटा. युजर-डेटा चाळीसही जणांना जवळजवळ सारखा. मेटा-डेटामध्ये इन्स्टन्स-आयडी आणि होस्टनेम, ते प्रत्येकाचं निराळं. क्लाउड-इनिट इन्स्टन्स-आयडी बघूनच ठरवतं की ही मशीन नवी आहे की जुनी, त्यामुळे तो दोन मशीनला एकच देऊ नका. ही आयएसओ बनवायला क्लाउड-लोकलडीएस नावाचं साधन आहे. नाहीतर व्हर्ट-इन्स्टॉलचा स्वतःचा क्लाउड-इनिट ऑप्शनही चालतो.

युजर-डेटाची पहिली ओळ हॅश चिन्ह आणि त्याला चिकटून क्लाउड-कॉन्फिग, मधे जागा न सोडता. ती चुकली तर खालचं सगळं दुर्लक्षित होतं आणि मशीनमध्ये लॉगिनच करता येत नाही. क्लाउड-इनिटमध्येच स्कीमा तपासणारी कमांड आहे, चाळीस आयएसओ बनवण्याआधी एकदा तिच्यातून फाइल काढा. आणि क्लाउड इमेजमध्ये पासवर्डनं एसएसएच सहसा बंद असतं, ते हवं असेल तर युजर-डेटामध्ये स्पष्ट चालू करावं लागतं.

मग बॅशचा एक लूप, १ ते ४०. प्रत्येक फेरीत ओव्हरले, आयएसओ आणि व्हर्ट-इन्स्टॉल इम्पोर्ट ऑप्शनसकट. माझी आग्रहाची सूचना आहे की मॅक अॅड्रेसही लूपमधूनच ठरवा. केव्हीएमचे मॅक ५२:५४:०० नं सुरू होतात, शेवटच्या भागात रोल नंबर बसवा आणि लिबव्हर्टच्या नेटवर्कमध्ये त्या मॅकला आयपी बांधून टाका. रोल नंबर १७ ची मशीन नेहमी ११७ नं संपणाऱ्या आयपीवर. वर्गात कोणाची मशीन कोणती हे शोधत बसावं लागत नाही.

लॅबवाला_हिंगणा:

ताई, हे फारच कामाचं आहे. मॅक आणि रोल नंबरची जोडी तर लगेच करतो. पण एकच आयपी मिळायचं कारण अजून उमजलं नाही. क्लोन करताना मॅक नवीन तयार झाले होते, ते मी स्वतः तपासले.

जुना_पेंग्विन:

त्याचं कारण मॅकमध्ये नाहीच.

ईटीसी डिरेक्टरीत मशीन-आयडी नावाची फाइल असते. इन्स्टॉल होताना सिस्टिमडी (लिनक्सच्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) तिच्यात एक १२८ बिटांचा क्रमांक लिहून ठेवतं. सिस्टिमडीचा नेटवर्क मॅनेजर डीएचसीपीकडे आयपी मागताना स्वतःची ओळख म्हणून मॅक पाठवत नाही, या मशीन-आयडीपासून काढलेला क्लायंट आयडी पाठवतो. क्लोन केलं की मशीन-आयडीचीही प्रत होते. डीएचसीपी सर्व्हर क्लायंट आयडीला मॅकपेक्षा वरचं मानतो. त्याच्या दृष्टीनं एकच मशीन पुन्हा पुन्हा आयपी मागते आहे, आणि तो इमानदारीनं तोच आयपी परत देतो. उबुंटू सर्व्हरवर हे हमखास दिसतं. उबुंटूच्या नेटप्लॅन या नेटवर्क-सेटिंगमध्ये डीएचसीपीची ओळख मॅकवरून ठरवायची सोय आहे, पण खरा उपाय म्हणजे इमेजमधली मशीन-आयडी फाइल रिकामी करणं. फाइल राहू द्यायची, आतला मजकूर शून्य करायचा. पुढच्या बूटला सिस्टिमडी नवा क्रमांक तयार करतं. डी-बसच्या डिरेक्टरीतही याच नावाची फाइल असते. ती मूळ फाइलकडे बोट दाखवणारी लिंक आहे की वेगळी प्रत, तेवढं पाहून घ्या.

पण आयपीपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती एसएसएचच्या होस्ट कीची, म्हणजे मशीन स्वतःची ओळख पटवते त्या कीची. तयार मशीन क्लोन केली की तिच्या खाजगी होस्ट कीही चाळीस ठिकाणी जातात. तुमच्याकडे प्रत्येक विद्यार्थी रूट आहे, म्हणजे प्रत्येकाला ती की वाचता येते. ती हाती असलेला कोणीही शेजारच्या मशीनचं सोंग घेऊन मधे बसू शकतो, आणि समोरच्याला एसएसएच कसलीही सूचना देणार नाही, कारण की तर बरोबरच आहे. लॅबमध्ये हे कोणी मुद्दाम करेल असं मी म्हणत नाही. पण ज्या वर्गात सुरक्षितता शिकवतो त्या वर्गाचा पायाच असा नसावा.

जुन्या क्लोन वापरायच्याच असतील तर व्हर्ट-सिसप्रेप हे साधन होस्ट की, मशीन-आयडी, लॉग, शेलचा इतिहास, रँडम सीड हे सगळं साफ करतं. मशीन बंद असतानाच चालवा. चालू डिस्कवर चालवलं तर डेटा खराब होऊ शकतो. डेबियन-उबुंटूवर होस्ट की पुसल्यावर नव्या आपोआप तयार होतील असं धरून चालू नका. क्लाउड-इनिट असेल तर ते करतं, नसेल तर पहिल्या बूटला एसएसएच-कीजेनला मोठा ए ऑप्शन देऊन चालवायची सोय करावी लागते.

फुटाळा_काठ:

हेच सगळं माउसनं करायचं असेल तर व्हीएम सांभाळायचा प्रॉक्समॉक्स आहे, तोही डेबियनवरच उभा आहे. मशीनला टेम्प्लेट करा, लिंक्ड क्लोन काढा, क्लाउड-इनिटची ड्राइव्ह जोडा. आतली तत्त्वं वर ताईंनी लिहिली तीच. लॅब असिस्टंटला टर्मिनलची सवय नसेल तर हा पर्याय सोपा जाईल.

रूट_अंबाझरी:

जागा, मेमरी आणि लाइट यांबद्दल माझं थोडं.

४० गुणिले २ म्हणजे ८० जीबी, १२८ मध्ये आरामात बसते. कर्नलमध्ये केएसएम नावाची सोय २.६.३२ पासून आहे, ती व्हीएमच्या मेमरीतली सारखी पानं शोधून एकत्र करते. सारख्या व्हीएम असल्यावर तिचा फायदा होतो. पण ती शोधाशोध सीपीयू खाते, आणि पानं सामायिक झाली की एका व्हीएमला दुसरीबद्दल अंदाज बांधता येतो असे हल्लेही माहीत आहेत. तुमच्याकडे रॅम पुरत असताना ती चालू करायची गरज मला दिसत नाही.

डिस्कवर मात्र लक्ष ठेवा. कागदावर ८०० जीबी वाटले आणि ओव्हरले वाढत गेले तर वेळ येते. होस्टची डिस्क भरली की क्यूईएमयू लिहू पाहणाऱ्या व्हीएमला जागच्या जागी थांबवतं. पोरांना वाटते मशीन हँग झाली. एका पोरानं डीडी कमांडनं मोठी फाइल बनवली तर त्याची मर्यादा २० जीबी, पण सगळ्यांनी तोच प्रयोग केला तर १ टीबीत उरते काय? होस्टवर ८० टक्क्यांचा इशारा लावून ठेवा.

लाइटबद्दल. यूपीएस सर्व्हरला यूएसबीनं जोडा आणि त्यावर नजर ठेवणारं एनयूटी बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की होस्ट स्वतःहून व्हीएम बंद करून बंद होतो. नवतप्यात लॅबचा कूलरही बंद पडतो, त्या गरमीत सर्व्हर बॅटरीवर ओढत बसण्यात अर्थ नाही. परत चालू होताना लिबव्हर्ट-गेस्ट्स सेवेच्या सेटिंगमध्ये स्टार्ट-डिले आहे, तो द्या. व्हीएम एकामागून एक उठतील. बंद करण्यासाठी पॅरलल-शटडाउनचा आकडाही तिथेच आहे, नाहीतर एकेक करून चाळीस बंद करता करता यूपीएस संपतो.

अजून एक: ओव्हरलेच्या ड्राइव्हचा कॅश मोड "नन" असेल तर वाचन होस्टच्या कॅशला वळसा घालून जाते, प्रत्येक व्हीएम मूळ इमेज डिस्कवरून वेगळी वाचते. "राइटबॅक" ठेवला तर मूळ इमेजचे ब्लॉक होस्टच्या रॅममध्ये एकदाच येतात आणि बाकीच्यांना तिथूनच मिळतात. एकदम बूट होताना हा फरक कळतो.

टर्मिनल_ताई:

कॅशचा मुद्दा फार चांगला. इंटरनेटच्या लाइनचं राहिलं होतं, ते मी सांगते. होस्टवर पॅकेजेस साठवून ठेवणारं अॅप्ट-कॅशर-एनजी बसवा, ते ३१४२ पोर्टवर ऐकतं. युजर-डेटामध्ये अॅप्टची (पॅकेज टाकणाऱ्या कमांडची) प्रॉक्सी म्हणून त्याचा पत्ता द्या. एका मशीननं पॅकेज उतरवलं की उरलेल्यांना ते लॅबच्या आतूनच मिळतं. फक्त इमेजमधला मिररचा पत्ता एचटीटीपीएस असेल तर कॅशरला आतलं दिसत नाही, तो साध्या एचटीटीपीवर आणा. पॅकेज खरं आहे की नाही हे अॅप्ट सहीवरून तपासतंच, त्यामुळे तिथे काही गमावत नाही. आणि अॅप्टचे रोजचे टायमर इमेजमध्येच बंद करा. नाहीतर मशीन उघडल्यावर मागे अपडेट सुरू असतं, अॅप्टला कुलूप लागलेलं असतं आणि पोरांची पहिलीच कमांड अडते.

परसोडी_ऑटोमेशन:

मी आयटी पार्कात हेच काम करतो, त्यामुळे एका गोष्टीवर जोर देतो. मूळ इमेज हातानं सजवू नका. एकदा चालू करून, पॅकेजेस टाकून, थोडं हे थोडं ते बदलून बंद केलेली इमेज तयार होते खरी, पण पुढच्या वर्षी तिच्यात काय काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही. तुम्ही त्या कॉलेजात नसाल तर पुढच्या माणसानं काय करायचं?

इमेज कशी बनली याची कृती गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवा. इमेज बनवणारं पॅकर वापरा किंवा साधी शेल स्क्रिप्ट. पॅकर, टेराफॉर्म, व्हेग्रंट बनवणाऱ्या हॅशिकॉर्पनं ऑगस्ट २०२३ मध्ये परवाना बदलला. लॅबच्या वापराला त्यानं अडचण येत नाही, पण पूर्ण मुक्त परवानाच हवा असेल तर टेराफॉर्मच्या जागी ओपनटोफू आहे. आणि मशीन उभ्या राहिल्यावरचं सगळं, अनेक मशीनवर एकदम काम करणाऱ्या अन्सिबलकडे द्या. त्याला व्हीएममध्ये एजंट लागत नाही, एसएसएच आणि पायथन पुरतं.

टर्मिनल_ताई:

कृती गिटमध्ये, शंभर टक्के मान्य. पण चाळीस मशीनसाठी पॅकर शिकायला लावणं मला जास्त वाटतं. व्हर्ट-कस्टमाइझ पुरेसं आहे: क्लाउड इमेज बूट न करताच तिच्यात पॅकेजेस टाकतं, फाइली ठेवतं, टाइमझोन लावतं. सगळं एका कमांडमध्ये मावतं, ती कमांड स्क्रिप्टमध्ये आणि स्क्रिप्ट गिटमध्ये. मशीन बूटच झाली नाही म्हणजे होस्ट कीही तयार होत नाहीत. फक्त शेवटी मशीन-आयडी रिकामी करणारा ऑप्शन नक्की द्या, कारण हे साधन चालताना ती फाइल भरलेली राहू शकते, आणि मग पेंग्विन काकांनी सांगितलेला एकाच आयपीचा घोळ पुन्हा सुरू.

आणि सगळं अन्सिबलवर टाकण्याशी मी सहमत नाही. चाळीस कोऱ्या मशीन उभ्या करून प्रत्येकीत तीच तीस पॅकेजेस अन्सिबलनं टाकणं म्हणजे एकच काम चाळीसदा. जे सगळ्यांना सारखं आहे ते इमेजमध्येच जावं.

परसोडी_ऑटोमेशन:

पॅकेजेसबद्दल पटलं. माझा आग्रह कृती लिहून ठेवण्याचा होता, साधन कोणतंही चालेल.

लॅबवाला_हिंगणा:

मंडळी, आज शनिवारी लॅब रिकामी होती, सगळं बसवून पाहिलं. व्हर्ट-कस्टमाइझची स्क्रिप्ट, मग लूप. चाळीसही मशीनला वेगवेगळे मशीन-आयडी, वेगवेगळ्या होस्ट की, रोल नंबरप्रमाणे आयपी. एसएसएच-कीस्कॅननं सगळ्या की गोळा करून एकही दोनदा येत नाही हे पाहून घेतलं. अॅप्ट-कॅशर बसवल्यावर चाळीस मशीनवर एकदम पॅकेज टाकून पाहिलं, बाहेरची लाइन जागेवरून हलली नाही. लॅब असिस्टंटनं स्वतः एक मशीन मोडून, ओव्हरले पुसून पुन्हा उभी केली, मला विचारावंही लागलं नाही. सगळ्यांचे मनापासून आभार.

आता दोन शंका. बॅच बदलताना ओव्हरले पुसायचे, तर पोरांनी लिहिलेल्या स्क्रिप्ट कशा वाचवायच्या? आणि सत्राच्या मधात सरांनी एखादं नवीन पॅकेज मागितलं तर? मूळ इमेजला हात लावायचा नाही, हे आता पक्कं समजलं.

जुना_पेंग्विन:

स्क्रिप्टसाठी प्रत्येक मशीनला दुसरी छोटी डिस्क द्या, १ जीबी पुरे, आणि ती होमवर माउंट करा. ओव्हरले पुसला तरी ती राहते. माउंट करताना डिस्कला लेबल द्या आणि एफएसटॅबमध्ये (बूटला माउंट करायच्या डिस्कांच्या यादीत) लेबलनं लिहा, म्हणजे चाळीसही मशीनवर ओळ तीच राहते. एफएसटॅबच्या त्या ओळीत नोफेलही टाका. नाहीतर कोणी पार्टिशनच्या प्रॅक्टिकलमध्ये चुकून तीच डिस्क कोरी केली तर मशीन बूट होताना आपत्कालीन शेलमध्ये अडकेल.

टर्मिनल_ताई:

पॅकेजसाठी त्या दिवशी अन्सिबल, आणि सोबत तेच पॅकेज इमेजच्या स्क्रिप्टमध्येही लिहून ठेवायचं. अन्सिबल मुळात एका वेळी पाचच मशीनवर काम करतं, फोर्क्स वाढवून वीस करा. पुढच्या बॅचच्या आधी स्क्रिप्टमधून नवी इमेज बनवा, नव्या महिन्याच्या नावानं, आणि नवे ओव्हरले तिच्यावर. जुने ओव्हरले क्यूईएमयू-आयएमजीच्या रीबेसनं, लहान यू ऑप्शन देऊन नव्या इमेजवर चढवायचा मोह होईल, तो टाळा. तो ऑप्शन फक्त बॅकिंग फाइलचा पत्ता बदलतो, आतले ब्लॉक जुळतात की नाही हे पाहत नाही. मूळ फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली असेल, तेवढ्यापुरताच तो आहे. जुनी इमेज पुसण्याआधी क्यूईएमयू-आयएमजी इन्फो बॅकिंग-चेन ऑप्शनसकट प्रत्येक ओव्हरलेवर चालवा. एकही तिच्यावर टेकलेला नसेल तेव्हाच ती पुसा.

लॅबवाला_हिंगणा:

दोन्ही गोष्टी स्क्रिप्टमध्ये टाकतो. गिटचा साठा कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवला आहे. पासवर्ड काढून एक प्रत इथे चिकटवतो, दुसऱ्या कोणाच्या लॅबला लागली तर घ्या.